लाल मातीवरचे ८१

एप्रिल २००५ ते मे २००७ या काळात राफेल नदाल मातीच्या कोर्टावर सलग ८१ सामने जिंकला. पुरुषांच्या टेनिसमध्ये कुठल्याही एका प्रकारच्या कोर्टावर इतकी लांब विजयमालिका दुसऱ्या कुणाच्या नावावर नाही. मी टेनिस शिकले ते मातीच्या कोर्टावर. पुढे बरीच वर्षं मुलांना शिकवलं तेही मातीवर, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जुन्या जिमखान्यात. त्यामुळे या मालिकेकडे मी आधी विद्यार्थिनी म्हणून पाहिलं आणि मग शिक्षिका म्हणून. गिलेर्मो विलास, बियाँ बोर्ग, थॉमस मुस्टर या जुन्या खेळाडूंच्या मालिकाही मी त्याच नजरेनं वाचल्या, जुन्या चित्रफिती मिळतील तशा पाहिल्या. त्यातून जे हाती लागलं, ते इथे क्रमानं लिहिते आहे. काही मुद्दे लांबतील, काही दोन ओळींत संपतील.

१. मालिका वाईट दिवसांवर उभी राहते.

८१ हा आकडा ऐकला की वाटतं, हा मुलगा दोन वर्षं समोर येईल त्याला लोळवत सुटला असेल. बरेचसे सामने तसे झालेही. पण मला ही मालिका कळली ती रोममधल्या दोन अंतिम सामन्यांमुळे. दोन्ही सामने हरायला सगळी कारणं हजर होती.

पहिला मे २००५ चा. समोर अर्जेंटिनाचा गिलेर्मो कोरिया. त्या काळात मातीवर त्याच्याइतके चपळ पाय क्वचितच कुणाचे असतील. २००३-०४ मध्ये तो स्वतः मातीवर सलग ३१ सामने जिंकला होता. नदाल तेव्हा १८ वर्षांचा. सामना पाचव्या सेटमध्ये गेला आणि त्यात नदाल ०-३ असा मागे पडला. तिथून त्याने सेट टायब्रेकपर्यंत खेचून नेला आणि तो ८-६ असा जिंकला. पाच तास चौदा मिनिटं.

दुसरा २००६ चा, समोर रॉजर फेडरर. पाचव्या सेटमध्ये फेडरर ४-१ असा पुढे होता. ६-५ वर त्याला दोन मॅच पॉइंट मिळाले. दोन्ही वेळा त्याचा फोरहँड बाहेर गेला. टायब्रेकमध्येही तो ५-३ पुढे होता आणि तरीही नदालने तो ७-५ असा घेतला. हाही सामना पाच तास पाच मिनिटं चालला. या विजयाने मालिका ५३ वर पोहोचली, म्हणजे गिलेर्मो विलासने १९७७ मध्ये केलेल्या विक्रमाइतकी. दोघेही इतके दमले होते की पुढच्याच आठवड्यातल्या हॅम्बुर्गच्या स्पर्धेतून दोघांनी माघार घेतली. पुढच्या वर्षी या दर्जाच्या स्पर्धांचे अंतिम सामने पाचऐवजी तीन सेटचे झाले.

त्या दोन मॅच पॉइंटपैकी एक जरी फेडररने घेतला असता, तर आज आपण ८१ बद्दल बोलत नसतो. मी मुलांना हे दोन सामने आवर्जून दाखवायचे. सरळ सेटमध्ये जिंकलेले सामने बघून फटके शिकता येतात. मालिका कशी टिकते ते शिकायचं, तर जो सामना जवळजवळ गेलाच होता तो बघावा लागतो.

याला स्वीडनचा बोर्ग मात्र अपवाद म्हणावा लागेल. १९७८ च्या फ्रेंच ओपनमध्ये त्याने एकही सेट गमावला नाही आणि सात सामन्यांत मिळून फक्त ३२ गेम सोडले. पॅरिसमध्ये १९७८ ते १९८१ अशी चार वर्षं त्याला कुणी हरवू शकलं नाही, सलग २८ सामने. ती मालिका कुणी तोडलीही नाही. १९८२ मध्ये तो पॅरिसला खेळायला उतरलाच नाही.

२. माती नशिबाला कमी वाव देते, म्हणून मालिका मातीवर वाढतात.

फ्रेंच ओपन जिथे होते त्या पॅरिसमधल्या रोलाँ गॅरोसचं कोर्ट वरून तांबडं दिसतं, पण आतून ते जवळजवळ पांढरं असतं. तळाशी मोठे दगड, वर खडी, त्यावर जळलेल्या कोळशाचा चुरा, मग कुटलेल्या चुनखडीचा जाड थर. विटांची पूड असते ती फक्त सर्वांत वर, एक-दोन मिलिमीटर, भाकरी थापताना परातीत पीठ भुरभुरावं तितकीच. चेंडूचा वेग खाण्याचं काम मुख्यतः ही पूड करते आणि पायाला घसरू देण्याचंही. चुनखडी पाणी धरून ठेवते. म्हणून ऊन तापलं की कोर्ट वेगवान होतं आणि ढग आले की जड.

आमच्या जिमखान्यातलं कोर्ट इतकं शास्त्रशुद्ध नव्हतं. खाली मुरूम, वर चाळलेली लाल माती. पहाटे कोर्ट सांभाळणारे मामा पाणी मारायचे, रोलर फिरवायचे आणि चुन्याच्या रेषा आखायचे. पावसाळ्यात कोर्ट बंद, दसरा-दिवाळीच्या सुमाराला पुन्हा तयार. पण गुण तोच. जोरदार सर्व्हिस मारून पॉइंट उरकता येत नसे. चेंडू टप्पा पडल्यावर मंद व्हायचा, उंच उठायचा आणि समोरच्याला त्याच्यापर्यंत पोहोचायला वेळ मिळायचा.

यातून एक गोष्ट घडते. गवतावर किंवा गुळगुळीत हार्ड कोर्टावर कमी ताकदीचा खेळाडू एखाद्या दिवशी नुसत्या सर्व्हिसच्या जोरावर वरचढ ठरू शकतो. दोन टायब्रेक हाताला लागले की सामना खिशात. मातीवर प्रत्येक पॉइंट पाच-दहा फटक्यांचा होतो. सामन्यात फटक्यांची संख्या जितकी जास्त, तितका खऱ्या कुवतीचा हिशेब बरोबर लागतो. जो थोडासा चांगला आहे, तो मातीवर बराच चांगला दिसतो आणि जो बराच चांगला आहे, तो हरेनासा होतो. विक्रमी मालिका इतक्या मोठ्या प्रमाणात मातीवर का झाल्या, याचं मला पटलेलं कारण हे आहे.

मातीतही प्रकार आहेत, हे विसरू नये. १९७५ ते १९७७ अशी तीन वर्षं अमेरिकन ओपनसुद्धा मातीवर खेळली गेली, फॉरेस्ट हिल्सला. पण ती माती हिरवट, बेसॉल्टच्या जातीच्या खडकाच्या चुऱ्याची. विलासने १९७७ मध्ये पॅरिसची तांबडी माती जिंकली आणि न्यूयॉर्कची हिरवीही. तिथे अंतिम सामन्यात त्याने जिमी कॉनर्सला हरवलं, शेवटचा सेट ६-०. दोन वेगळ्या मातींवर एकच मालिका चालवणं याचं मोल मला फार वाटतं. २०१२ मध्ये माद्रिदने निळी माती अंथरली, तेव्हा तिथे पाय ठरत नाहीत अशी तक्रार नदाल आणि जोकोविच या दोघांनीही उघडपणे केली. नदाल तिथे फर्नांडो वर्डास्कोकडून हरला. पुढच्या वर्षी माद्रिदची माती पुन्हा तांबडी झाली.

३. पाय आधी, हात नंतर.

मातीवर घसरत जाऊन फटका मारायचा असतो. फटका मारून मग घसरलात, तर पुढच्या चेंडूला एक पाऊल कमी पडतं. नवीन मुलांना मी सुरुवातीचे काही दिवस रॅकेटशिवाय नुसतं घसरायला लावायचे. पालक कुरकुरायचे. पण नदालच्या कुठल्याही जुन्या सामन्यात त्याचे पायच तेवढे बघा. चेंडू रॅकेटला लागतो त्या क्षणी घसरणं जवळपास संपलेलं असतं आणि शरीर परत मधल्या जागेकडे वळायला लागलेलं असतं. असं एका सामन्यात हजारभर वेळा करायचं आणि दोन दिवसांनी पुन्हा करायचं.

४. एकच डाव, समोरच्याला माहीत असलेला, तरीही रोज चालणारा.

नदाल जेवायला, सही करायला उजवा हात वापरतो आणि टेनिस डाव्या हाताने खेळतो. त्याचा फोरहँड वरच्या दिशेने चेंडू घासत जातो. त्याच्या चेंडूच्या फिरकीचं मोजमाप झालं, तेव्हा ती मिनिटाला सरासरी सुमारे ३२०० फेरे भरली. पीट सॅम्प्रस आणि आंद्रे आगासी यांच्या पिढीत हा आकडा १९०० च्या आतबाहेर होता. इतकी फिरकी घेऊन चेंडू मातीवर पडला की तो खांद्यापर्यंत उसळतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याला तो बॅकहँडच्या बाजूला खांद्याच्याही वर येतो. एका हाताने बॅकहँड मारणाऱ्या फेडररसाठी ही सर्वांत वाईट जागा.

नदालचा डाव इतकाच होता. फोरहँड तिरका, फेडररच्या बॅकहँडवर. पुन्हा तिथेच. पुन्हा तिथेच. चेंडू आखूड आला की मग दुसऱ्या कोपऱ्यात. साऱ्या जगाला तो माहीत होता, फेडररला तर सगळ्यांत जास्त. तरी २००७ च्या मेपर्यंत मातीवर दोघे पाच वेळा समोर आले आणि पाचही वेळा नदाल जिंकला.

हुशार मुलांना हे पटवणं कठीण जातं. चौदा-पंधरा वर्षांच्या गुणी मुलाला दर पॉइंटला नवं काही करून बघायचं असतं. ड्रॉप शॉट हवा, पुढे धावून व्हॉली हवी. मी म्हणायचे, तुझा सर्वांत भरवशाचा फटका कोणता ते ठरव आणि तो समोरच्याच्या सर्वांत कच्च्या जागी मारत राहा, कंटाळा येईपर्यंत आणि कंटाळा आल्यानंतरही. माझ्या मते मालिका जिंकणाऱ्याची खरी देणगी ती. तो कंटाळत नाही.

५. हरण्याची वेळ आली, तर सामना पूर्ण खेळून हरावं.

विलासच्या १९७७ च्या मालिकेचा शेवट मला अजूनही सलतो. ते वर्ष त्याचंच होतं. १६ स्पर्धा, त्यात फ्रेंच आणि अमेरिकन ओपन. पॅरिसच्या अंतिम सामन्यात त्याने ब्रायन गॉटफ्रीडला ६-०, ६-३, ६-० असं हरवलं, म्हणजे पूर्ण सामन्यात तीन गेम दिले. प्रशिक्षक होता रुमानियाचा इऑन टिरियाक, शिष्याकडून अखंड मेहनत करून घेणारा.

ऑक्टोबरच्या सुमारास फ्रान्समधल्या एक्स-ऑं-प्रोव्हॉन्स इथे अंतिम सामन्यात समोर आला इली नास्तासे. त्याच्या हातात होती ती ‘स्पॅगेटी’ रॅकेट. वर्नर फिशर नावाच्या जर्मन माणसाने ती बनवली होती. तारांचे थर एकमेकांत न विणलेले, त्यांवर प्लॅस्टिकच्या नळ्या. तारा सरकायच्या आणि परत जागेवर यायच्या, त्यामुळे चेंडूला अचाट फिरकी मिळायची. फटक्याचा आवाजही नेहमीसारखा येत नसे, त्यामुळे चेंडू किती जोरात येतोय याचा कानावरून अंदाज लागायचा नाही. नास्तासे स्वतः काही दिवसांपूर्वी अशाच रॅकेटपुढे हरला होता आणि चिडला होता. मग त्याने तीच हातात घेतली. विलास पहिले दोन सेट ६-१, ७-५ असे हरला आणि त्याने पुढे खेळायला नकार दिला. मातीवरची ५३ सामन्यांची मालिका तिथे संपली. सगळ्या प्रकारच्या कोर्टांवर मिळून चालू असलेली ४६ सामन्यांची दुसरी मालिकाही तिथेच संपली. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने त्याच सुमारास त्या रॅकेटवर तात्पुरती बंदी घातली आणि पुढच्या वर्षी ती कायमची केली.

विलासवर अन्याय झाला, यात मला शंका नाही. आज तारा कशा विणायच्या याचे जे नियम आहेत, ते त्या घटनेनंतर आले. तरीही माझं मत असं की त्याने तिसरा सेट खेळायला हवा होता. तो सामना पाच सेटचा होता आणि विलासचा दम साऱ्या जगाला माहीत होता. दुसरा सेट ७-५ पर्यंत आला होता, म्हणजे त्या रॅकेटचं कोडं त्याला थोडं थोडं उलगडत चाललं होतं. तिसऱ्यात काय झालं असतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. तो प्रश्न त्याच्या विक्रमाला कायमचा चिकटला आहे.

२९ मे २००६ रोजी पॅरिसमध्ये पहिल्या फेरीत नदालने रॉबिन सॉडरलिंगला हरवलं आणि ५४ वा विजय नोंदवला. त्या वेळी विलास तिथे हजर होता. विक्रम मोडणाऱ्याचा सत्कार त्यानेच केला. हे त्याने मनापासून केलं असं मला त्याच्याकडे बघून वाटलं आणि त्याच्याबद्दलचा आदर वाढला.

६. शरीर मालिकेच्या आधी तुटतं.

ऑस्ट्रियाच्या थॉमस मुस्टरची गोष्ट मी दरवर्षी नव्या तुकडीला सांगायचे. १ एप्रिल १९८९. मायामीजवळच्या मोठ्या स्पर्धेत उपान्त्य सामन्यात यानिक नोआविरुद्ध दोन सेट मागे पडून तो जिंकला. अंतिम फेरीत गाठ इव्हान लेंडलशी पडायची होती. त्याच रात्री दारूच्या नशेत गाडी चालवणाऱ्या एकाने धडक दिली आणि मुस्टरच्या डाव्या गुडघ्याचे अस्थिबंध तुटले. वय २१. शस्त्रक्रियेनंतर त्याने एक खास खुर्ची बनवून घेतली. पाय तिच्यावर लांब बांधून ठेवायचा आणि बसल्या बसल्या फोरहँड-बॅकहँड मारायचे. त्या सरावाचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. सहा महिन्यांच्या आत तो पुन्हा स्पर्धेत उतरला.

सहा वर्षांनी, १९९५ मध्ये, तोच माणूस मातीवर सलग ४० सामने जिंकला. त्या संपूर्ण वर्षात मातीवर ६५ विजय आणि फक्त २ पराभव. माँटे कार्लोच्या उपान्त्य सामन्यात शरीरातलं पाणी इतकं कमी झालं की सामना संपल्यावर त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी बोरिस बेकरविरुद्ध अंतिम सामना. पहिले दोन सेट बेकरचे. चौथ्या सेटच्या टायब्रेकमध्ये बेकरला दोन मॅच पॉइंट. एका पॉइंटवर बेकरने दुसरी सर्व्हिससुद्धा पूर्ण जोराने मारली आणि डबल फॉल्ट केला. मुस्टरने तो सेट घेतला आणि पाचवा ६-० असा. त्याच वर्षी मायकल चँगला हरवून तो फ्रेंच ओपनही जिंकला. विम्बल्डनमध्ये मात्र त्याला कारकिर्दीत एकही सामना जिंकता आला नाही.

नदालचंही तेच. २००५ च्या अखेरीलाच त्याच्या डाव्या पायाच्या हाडाचा दुर्मीळ विकार उघड झाला होता. म्हणजे ८१ पैकी निम्म्याहून जास्त विजय त्याने तो पाय घेऊन मिळवले. बुटात बदल करून, वेदना अंगावर वागवत तो आणखी जवळपास वीस वर्षं खेळला.

इथे मी एक इशाराही देते, कारण लहान मुलांच्या बाबतीत मी हे जवळून पाहिलं आहे. मुस्टरची गोष्ट ऐकून चौदा वर्षांच्या मुलाने दुखरा गुडघा घेऊन खेळू नये. मुस्टरच्या मागे शल्यचिकित्सक आणि फिजिओ होते. आपल्याकडे जिल्हा पातळीवर बहुतेक मुलांच्या मागे फक्त स्प्रेची बाटली असते. एक-दोन स्पर्धा सोडल्या तर आकाश कोसळत नाही.

७. मोजदाद दुसऱ्यांवर सोपवा.

माझ्याकडे एक मुलगी होती, मातीवर भलतीच चिवट. जिल्ह्याच्या, विभागाच्या स्पर्धांत ती लागोपाठ जिंकत गेली. तिचे आजोबा वहीत प्रत्येक विजय लिहून ठेवायचे आणि दर सामन्याआधी तिला आकडा सांगायचे, प्रेमाने. हळूहळू ती पहिल्या फेरीतल्या नवख्या मुलीसमोरसुद्धा हात आखडून खेळायला लागली. मी आजोबांना म्हटलं, “काका, वही ठेवा, पण ती मोठी झाली की दाखवा.” त्यांनी ते ऐकलं. पोरीचा हात पुन्हा सुटला.

नदालच्या मुलाखतींत त्याचं उत्तर वर्षानुवर्षं जवळपास एकच असायचं, पुढच्या सामन्याबद्दलचं. ते काका टोनींनी लहानपणापासून मायोर्कातल्या मानाकोर गावी अंगी भिनवलेलं होतं. बातमीदारांना ते कंटाळवाणं वाटायचं. मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

८. मालिका तुटण्याचा दिवस मोठा असू शकतो.

२० मे २००७, हॅम्बुर्ग. त्याच महिन्यात नदालने रोममध्ये जॉन मॅकेन्रोचा ७५ सामन्यांचा विक्रमही मागे टाकला होता. मॅकेन्रोचा तो विक्रम बंदिस्त स्टेडियममधल्या कार्पेटवरचा. रोममध्ये निकोलाय दाविदेन्कोविरुद्धचा उपान्त्य सामना साडेतीन तासांहून जास्त चालला होता. माँटे कार्लो, बार्सिलोना, रोम, हॅम्बुर्ग असा जवळजवळ सलग महिनाभर तो मातीवर होता. मध्ये मे महिन्याच्या सुरुवातीला मायोर्कात अर्धं गवत आणि अर्धी माती अशा एका कोर्टावर फेडररशी प्रदर्शनीय सामनाही खेळून झाला होता. हॅम्बुर्गच्या उपान्त्य सामन्यात लेटन ह्युइटने त्याला तीन सेट पळवलं.

फेडररसाठीही तो काळ बरा नव्हता. रोममध्ये तो लवकर हरला होता आणि प्रशिक्षक टोनी रोश यांच्यापासून नुकताच वेगळा झाला होता. अंतिम सामन्याचा पहिला सेट नदालचा, ६-२. पुढे फेडररने चेंडू लवकर, उसळी पूर्ण व्हायच्या आत घ्यायला सुरुवात केली. दुसरा सेट ६-२. तिसरा ६-०.

८१ सामने मातीवर न हरलेला माणूस शेवटच्या सेटमध्ये एकही गेम घेऊ शकला नाही. माझ्या डोक्यात तो आकडा कित्येक दिवस घोळत होता. सामना संपल्यावर नदालने फेडररची त्या सामन्यातली जर्सी मागितली आणि तिच्यावर त्याची सही घेतली. मालिका मोडणाऱ्याकडून सही. तीन वर्षांपूर्वी याच हॅम्बुर्गमध्ये कोरियाची ३१ सामन्यांची मालिकाही फेडररनेच तोडली होती. फेडररची मातीवरची ताकद लोक कमी लेखतात, कारण समोर नदाल होता. पण या दोन्ही मालिका ज्याने संपवल्या, तो माणूस मातीवर दुय्यम असूच शकत नाही.

तीन आठवड्यांनी पॅरिसच्या अंतिम सामन्यात तेच दोघे समोरासमोर आले. नदाल चार सेटमध्ये जिंकला.

सॉडरलिंगचीही आठवण इथेच काढते. २००९ मध्ये रोममध्ये नदालने त्याला ६-१, ६-० असं धुतलं होतं. महिन्याभराने, ३१ मे रोजी, पॅरिसमध्ये त्याच सॉडरलिंगने नदालला चार सेटमध्ये हरवलं आणि रोलाँ गॅरोसवरची त्याची ३१ सामन्यांची मालिका थांबवली. सॉडरलिंग उंच होता आणि खांद्याच्या वर आलेला चेंडू तो तसाच वरून खाली हाणत राहिला. जो चेंडू इतरांना विषासारखा वाटायचा, त्यावरच तो जगला. त्यानंतर नदालने पॅरिसमध्ये आणखी दहा विजेतेपदं मिळवली, एकूण १४. तिथले त्याचे सारे सामने धरले तर ११२ विजय आणि ४ पराभव.

९. ८१ च्या पुढेही एक आकडा आहे.

पुरुषांच्या विक्रमाबद्दल बोलताना ख्रिस एव्हर्टचं नाव घेतलं नाही, तर मला चैन पडणार नाही. १९७३ च्या ऑगस्टपासून १९७९ च्या मेपर्यंत ती मातीवर सलग १२५ सामने जिंकली. जवळजवळ सहा वर्षं. रोममध्ये सोळा वर्षांच्या ट्रेसी ऑस्टिनने तिला तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये हरवलं. त्यानंतरचे मातीवरचे ७२ सामने एव्हर्ट पुन्हा जिंकली. म्हणजे मधला एक सामना सोडला, तर जवळपास दोनशे. माझ्याकडे शिकलेल्या प्रत्येक मुलीला हे आकडे तोंडपाठ असावेत अशी माझी इच्छा होती. बऱ्याच जणींना ते होतेही.

१०. आपल्या मुलांना माती हवी.

पुरुष खेळाडूंची ही सगळी नावं पाहा. स्पेन, अर्जेंटिना, ऑस्ट्रिया, स्वीडन. तिथली मुलं तांबड्या मातीवर वाढतात. आपल्याकडे डेव्हिस करंडकासाठी पूर्वी मुद्दाम गवत निवडलं जायचं, कारण आपली ताकद तिथे होती. तरी एखाद्या भारतीयाने जिंकलेलं पहिलं ग्रँड स्लॅम विजेतेपद मातीवरचंच आहे. १९९७ मध्ये रिका हिराकीच्या साथीने महेश भूपतीने फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकली. पुढे तो आणि लिएंडर पेस यांनी १९९९ आणि २००१ मध्ये तिथे पुरुष दुहेरीही जिंकली. एकेरीत सुमित नागलने एप्रिल २०२४ मध्ये माँटे कार्लोच्या मुख्य फेरीत एक सामना जिंकला. त्या दर्जाच्या मातीवरच्या स्पर्धेत मुख्य फेरीचा सामना जिंकणारा तो पहिला भारतीय. एक सामना, आणि तो पहिला. या वाक्यात आपलं सगळं अंतर आलं.

गेल्या काही वर्षांत आपल्या गावोगावच्या क्लबांनी मातीची कोर्टं उखडून त्यावर कृत्रिम थर घातले. कारणं मला ठाऊक आहेत. रोज पाणी मारायला माणूस मिळत नाही, पावसाळ्यात चार महिने कोर्ट बंद राहतं आणि सभासदांना वर्षभर खेळायचं असतं. तरी प्रत्येक क्लबाने एक तरी मातीचं कोर्ट राखावं, असं मी पोटतिडकीनं सांगते. वाढत्या वयाच्या गुडघ्यांना माती जपते. शिवाय पॉइंट रचायचा कसा, हे मुलांना ती जितकं लवकर शिकवते तितकं दुसरं कुठलंही कोर्ट शिकवत नाही.

११. हा विक्रम मोडेल का?

मुलं हे हमखास विचारतात. माझा अंदाज सांगते.

८१ पर्यंत जायला नदालला साधारण २५ महिने लागले. त्यात १३ विजेतेपदं आली. माँटे कार्लो, बार्सिलोना आणि रोम प्रत्येकी तीनदा, पॅरिस दोनदा, शिवाय बोस्टाड आणि श्टुटगार्ट एकेकदा. डेव्हिस करंडकातले एकेरीचे सामनेही त्यात आहेत. आजचे अव्वल खेळाडू उन्हाळ्यातल्या बोस्टाडसारख्या लहान स्पर्धांना क्वचितच जातात, विम्बल्डननंतर ते अमेरिकेतल्या हार्ड कोर्टांकडे वळतात. म्हणजे मातीवर वर्षाला जेमतेम वीस-पंचवीस सामने होतात. ८१ साठी मातीचे तीन पूर्ण हंगाम आणि चौथ्याचा काही भाग अपराजित राहावं लागेल. त्या काळात एकदाही तापाने, पाठदुखीने किंवा एखाद्या अनोळखी पोराच्या स्वप्नवत दिवसाने घात करता कामा नये. खुद्द नदाललाही पुढच्या सतरा वर्षांत इतकी लांब मालिका पुन्हा जमली नाही. २०१७ आणि २०१८ मध्ये त्याने मातीवर सलग ५० सेट जिंकले. तो एक वेगळाच विक्रम, आणि तो माद्रिदमध्ये डॉमिनिक थीमने थांबवला. माँटे कार्लोत तो सलग ४६ सामने जिंकला, मग २०१३ च्या अंतिम सामन्यात जोकोविचने त्याला थोपवलं. पॅरिसमध्ये त्याने सलग ३९ जिंकले आणि २०१५ मध्ये तिथेही जोकोविचच आडवा आला. वेगवेगळ्या गावांत वेगवेगळे विक्रम झाले, पण सगळ्या मातीवर मिळून ८१ पुन्हा नाही.

म्हणून माझ्या हयातीत हा आकडा हलेल असं मला वाटत नाही. तरी एखादा चिवट मुलगा तीसच्या पुढे गेला की मी मोजायला लागते. पॅरिसचे सामने आपल्याकडे दुपारी अडीचच्या सुमारास सुरू होतात. सुट्टीचे दिवस असतात, मुलं घरी असतात. त्यांना बोलवा, शेजारी बसवा आणि कोरियाविरुद्ध ०-३ मागे पडलेल्या त्या १८ वर्षांच्या पोराचा पाचवा सेट आधी एकदा दाखवून घ्या.